दिवे असलेले स्केल मॉडेल: कामाचा क्रम कसा लावावा

प्लास्टिकच्या किटसोबत येणारी पुस्तिका भाग कोणत्या क्रमाने जोडावेत ते सांगते. रंग कधी द्यावा याबद्दल ती फारशी बोलत नाही आणि तारा कुठून न्याव्यात याबद्दल तर नाहीच नाही. साधे मॉडेल बांधताना हे चालून जाते. मॉडेलमध्ये दिवे बसवायचे असतील तर मात्र पुस्तिकेचा क्रम डोळे झाकून पाळणाऱ्याची हमखास कोंडी होते, कारण विमानाचे धड किंवा जहाजाचा पोटभाग एकदा चिकटवून बंद केला की आत बोट घालायलाही जागा उरत नाही. म्हणून जोडणी, रंगकाम आणि प्रकाशयोजना ही तीन कामे येथे वेगवेगळी न मांडता, ती प्रत्यक्ष हाताखाली ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने मांडली आहेत. उदाहरणासाठी १:७२ प्रमाणातले, दोन इंजिनांचे पंख्याचे विमान घेऊ. त्यात चार दिवे बसवायचे आहेत: वैमानिकाच्या कक्षात एक मंद दिवा, डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा. रणगाडा, मोटार, जहाज किंवा इमारत असली तरी विचार हाच राहतो.

आधी कागदावर

१:७२ म्हणजे मूळच्या सहा फुटांना एक इंच. या प्रमाणात १.८० मीटर उंचीचा माणूस २५ मिलिमीटरचा होतो, तर १:३५ मध्ये तोच ५१ मिलिमीटरच्या आसपास येतो. हा हिशेब दिव्यांनाही लावायला हवा आणि नेमका तिथेच तो बहुतेकांकडून राहून जातो. दुकानात सहज मिळणारा ३ मिलिमीटरचा गोल एलईडी १:७२ मध्ये मूळच्या जवळपास २२ सेंटीमीटर व्यासाच्या दिव्याएवढा ठरतो. उतरताना लावायच्या झोतदिव्यासाठी तो एक वेळ चालेल, पंखाच्या टोकावर मात्र तो गळवासारखा दिसेल. तिथे एसएमडी प्रकारचे चपटे एलईडी लागतात. त्यांच्या ०६०३ या आकाराची लांबी-रुंदी १.६ × ०.८ मिलिमीटर असते आणि ०४०२ ची साधारण १ × ०.५ मिलिमीटर. पहिल्या कामासाठी ०६०३ घ्यावा, तोही तारा आधीच जोडून मिळत असेल तर उत्तमच.

विजेने प्रमाणावर हुकमत गाजवल्याचे एक उदाहरण या छंदाच्या इतिहासातच आहे. रणगाड्यांसाठी आज सर्वत्र रूढ असलेले १:३५ हे प्रमाण तामिया कंपनीच्या पँथर रणगाड्यापासून आले, आणि त्या मॉडेलचा आकार ठरला होता तो आत मोटर चालवणाऱ्या दोन बॅटऱ्या मावाव्यात म्हणून. आपल्याला इतके स्वातंत्र्य नाही. किटचा आकार ठरलेला असतो आणि बॅटरी त्यात मावत नाही. ती मॉडेलखालच्या बैठकीतच ठेवावी लागते.

आता पुस्तिकेची एक प्रत काढून तिच्यावर पेन्सिलने तीन गोष्टी लिहाव्यात: कोणते भाग बंद होण्यापूर्वी रंगवायला हवेत, प्रत्येक दिवा नेमका कुठे बसेल, आणि त्याची तार कोणत्या वाटेने बैठकीपर्यंत येईल. आपल्या विमानात पंखांच्या टोकांच्या तारा पंखाच्या पोकळीतून धडात, शेपटीची तार धडातून पुढे, आणि सगळ्या मिळून धडाच्या पोटातून ३ मिलिमीटर व्यासाच्या पितळी नळीत उतरतील. हीच नळी मॉडेल पेलणारा खांबही होईल. चाकांच्या दांड्यांतून तार नेण्याचा मोह टाळावा. या प्रमाणात त्या दांड्या इतक्या बारीक असतात की भोक पाडल्यावर त्या विमानाचे वजन पेलत नाहीत.

रोधक, म्हणजे रेझिस्टर, मॉडेलमध्ये न ठेवता बैठकीत ठेवावेत, हा निर्णयही याच वेळी घ्यावा. माझ्या मते संपूर्ण प्रकाशयोजनेतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, कारण मॉडेल पूर्ण होऊन कपाटात बसल्यावर एखादा दिवा डोळ्यांत खुपतो असे वाटले तर बैठक उघडून रोधक बदलता येतो. तो धडात चिकटवलेला असेल तर काहीच करता येत नाही. त्यासाठी प्रत्येक दिव्याची धन तार स्वतंत्र खाली आणावी लागते. ऋण तार मात्र सर्वांना मिळून एकच चालते, त्यामुळे चार दिव्यांसाठी नळीतून आठऐवजी पाचच तारा उतरतात.

कापणे, घासणे, चिकटवणे

भाग साच्यातून सहज सुटावेत म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश त्यांच्यावर राहू शकतो. त्यावर रंग धरत नाही. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्या सांगाड्यासकट ते सगळे कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळू द्यावेत. रेझिनच्या, म्हणजे साच्यात द्रव ओतून घडवलेल्या, भागांना तर ही पायरी चुकवूच नये.

सांगाड्यापासून भाग दोनदा कापावा. पहिला काप भागापासून जरा दूर घ्यावा आणि उरलेला खुंट दुसऱ्या कापात काढावा, म्हणजे प्लास्टिकवर ताण येऊन पांढरा डाग पडत नाही. शेवटचा उंचवटा धारदार पात्याने आणि बारीक कानशीने सपाट करावा. पारदर्शक भाग अधिक ठिसूळ असतात. त्यांच्यावर निपर जोराने दाबण्याऐवजी बारीक दात्यांची करवत वापरावी. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे उमटलेली बारीक रेघ पात्याची पाठ काटकोनात धरून खरवडली की निघते.

पॉलिस्टायरीनसाठीचा, म्हणजे किटच्या प्लास्टिकसाठीचा, पातळ गोंद वास्तविक गोंद नसून द्रावक असतो: तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून एकजीव होतात. त्यामुळे आधी गोंद लावून मग भाग जोडणे ही सवय येथे उपयोगाची नाही. दोन्ही भाग कोरडेच जुळवून धरावेत आणि गोंदाच्या ब्रशचे टोक फटीला नुसते टेकवावे. द्रव आपोआप फटीतून धावत जातो. फटीवर बोट असेल तर तो बोटाखालीही धावतो आणि बोटाचा ठसा प्लास्टिकवर कायमचा उमटतो, म्हणून पकड नेहमी सांध्यापासून दूर असावी. काही क्षणांनी भाग हलकेच दाबले की विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक कड सांध्यावर उमटते. ती पुसू नये. एक दिवस तशीच कडक होऊ देऊन मग घासून काढली की सांधा जवळजवळ नाहीसा होतो आणि पुट्टी फारच थोडी लागते.

पुट्टी वाळताना आकसते, म्हणून ती किंचित जास्त भरून दुसऱ्या दिवशी घासावी. धातूचे आणि रेझिनचे भाग द्रावकाने चिकटत नाहीत. त्यांना सायनोअ‍ॅक्रिलेट (सुपरग्लू) किंवा इपॉक्सी लागते. सायनोअ‍ॅक्रिलेटने फट भरली असेल तर ती काही तासांतच घासावी, कारण पुढे ते प्लास्टिकपेक्षा कठीण होते आणि घासताना आजूबाजूचे प्लास्टिकच खाली जाते. त्याची वाफ पारदर्शक भागांवर पांढरट धुके चढवते, त्यामुळे खिडक्या आणि काचांसाठी पाण्यात विरघळणारा पांढरा गोंदच वापरावा. घासकाम ४०० क्रमांकाच्या वॉटर पेपरपासून सुरू करून ६०० आणि १००० पर्यंत, पाणी लावून करावे. रेझिनची धूळ फुप्फुसांना घातक असते. पाण्यासोबत घासले तरी मुखपट्टी हवीच.

मात्र आपल्या विमानाच्या धडाचे दोन भाग अजून चिकटवायचे नाहीत.

विजेचा हिशेब

एलईडीला त्याच्या रंगाप्रमाणे ठराविक दाब लागतो: लाल दिव्याला सुमारे २ व्होल्ट, पांढऱ्या व निळ्याला सुमारे ३ व्होल्ट, आणि आजच्या शुद्ध हिरव्या दिव्यालाही साधारण तेवढाच. पुरवठ्यातून हा दाब वजा करून बाकीला हव्या त्या प्रवाहाने भागले की रोधकाचे मूल्य मिळते. मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट घेतले आणि पांढऱ्या दिव्यातून ५ मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल, तर (५ − ३) ÷ ०.००५ म्हणजे ४०० ओहम. त्याच्या वरचे सहज मिळणारे मूल्य ४७० ओहम. लाल दिव्याला त्याच हिशेबाने ६०० ओहम लागतात, म्हणजे ६८० चा रोधक. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रोधक असावा. एकाच रोधकावर वेगवेगळ्या रंगांचे दिवे समांतर जोडले तर कमी दाबाचा लाल दिवा बहुतेक सगळा प्रवाह ओढून घेतो आणि पांढरा दिवा पेटतच नाही.

हे झाले गणित. डोळ्याला मात्र ५ मिलिअँपिअर बहुतेक वेळा फार होतात. लहान मॉडेलमधला दिवा आजूबाजूच्या रंगावर मात करू लागला की सगळे काम खेळण्यासारखे दिसते. अनेक ठिकाणी १ मिलिअँपिअर, म्हणजे पांढऱ्या दिव्यासाठी साधारण २.२ किलोओहम, पुरेसा ठरतो. हिरवा दिवा तर त्याच प्रवाहात लाल दिव्यापेक्षा कितीतरी झगझगीत दिसतो, कारण आपला डोळा हिरव्या प्रकाशाला जास्त संवेदनशील असतो. दोन्ही पंख सारखे दिसायचे असतील तर हिरव्याचा रोधक मोठा ठेवावा लागतो. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ४७० ओहमच्या स्थिर रोधकाला १० किलोओहमचा फिरता रोधक जोडावा, मॉडेल जिथे ठेवायचे त्या खोलीच्या उजेडात तो फिरवून तेज ठरवावे, मग पुरवठा तोडून दोन्हींचा मिळून रोध मल्टिमीटरने मोजावा आणि त्या मूल्याचा स्थिर रोधक बसवावा. प्रकाशाच्या रंगाचाही विचार येथेच करावा: जुन्या तंतूच्या दिव्यांसाठी २७०० ते ३००० केल्विनचा उबदार पांढरा, आधुनिक दिव्यांसाठी थंड पांढरा.

पुरवठ्यासाठी पॉवर बँक घेण्याचा विचार असेल तर एक अडचण लक्षात ठेवावी. काही मिलिअँपिअरचा प्रवाह इतका क्षुल्लक असतो की अनेक पॉवर बँका काहीच जोडलेले नाही असे समजून थोड्या वेळाने स्वतःच बंद होतात. साधा चार्जर किंवा बैठकीत बसणाऱ्या तीन एए बॅटऱ्या बऱ्या. मात्र बॅटऱ्यांचे ४.५ व्होल्ट धरून रोधकांचा हिशेब पुन्हा करावा.

तारेसाठी ०.१ मिलिमीटरच्या आसपासची, वार्निश चढवलेली तांब्याची तार घ्यावी. तिच्यावरचे आवरण बहुधा सोल्डरच्या वितळलेल्या थेंबात टोक काही सेकंद धरले की जळून जाते. न जळल्यास पात्याने खरवडावे. एसएमडी एलईडी दुहेरी चिकटपट्टीवर पक्का बसवून दोन्ही टोकांना आधी सोल्डरचा पातळ थर द्यावा आणि मग तार टेकवून दोन सेकंदांत काम उरकावे. सोल्डरची इस्त्री ३२० ते ३५० अंशांवर पुरते. सगळ्या तारा एकसारख्याच दिसत असल्याने ऋण तारेच्या टोकाला एक बारीक गाठ मारून ठेवावी आणि धन तारांना दिव्याचे नाव लिहिलेल्या कागदी चिठ्ठ्या लावाव्यात. नळीतून पाच तारा बाहेर आल्यावर त्या ओळखण्याचा दुसरा सोपा मार्ग नसतो.

जहाजाच्या गोल खिडक्या किंवा यंत्रफलकावरचे ठिपके यांसाठी प्रकाशतंतू, म्हणजे उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेणारे पारदर्शक धागे, अधिक सोयीचे. ०.२५ मिलिमीटरचा तंतू १:३५० मध्ये ९ सेंटीमीटरच्या दिव्याइतका होतो, आणि एका ५ मिलिमीटरच्या एलईडीवर असे कितीतरी तंतू एका काळ्या नळीत एकत्र आणता येतात. या तंतूंना सायनोअ‍ॅक्रिलेट लावू नये, ते ठिसूळ होऊन मोडतात. पांढरा गोंद पुरतो. नळी उष्णतेने आकसणारी असेल तर ती तंतूंवर चढवून तापवू नये, कारण तंतूही त्याच उष्णतेने वितळू लागतात. पृष्ठभागाबाहेर तंतू दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवूनच मॉडेल रंगवावे. शेवटी नव्या पात्याने ते पृष्ठभागाशी सपाट कापले की रंग चढलेले टोक गळून पडते आणि स्वच्छ, उजळ ठिपका उरतो. रंग लागू नये म्हणून एकाही तंतूला झाकावे (मास्किंग करावे) लागत नाही.

प्रकाश गळू नये म्हणून

पॉलिस्टायरीन जाड दिसत असले तरी त्यातून उजेड आरपार जातो. आत दिवा लावला की अख्खे धड कंदिलासारखे उजळते, आणि हा दोष बाहेरून कितीही रंग दिला तरी पुरता झाकला जात नाही. यासाठी धडाच्या आणि पंखांच्या आतल्या बाजूला काळ्या रंगाचे दोन हात द्यावेत. ज्या भागात प्रकाश परतून यायला हवा तिथे काळ्यावर पांढरा किंवा रुपेरी हात द्यावा. मगच कक्षातले आसन, यंत्रफलक आणि भिंती त्यांच्या खऱ्या रंगात रंगवाव्यात. चिकटवण्याच्या कडांवर रंग राहू देऊ नये, नाहीतर द्रावक रंगच विरघळवत बसतो आणि सांधा कच्चा राहतो.

पंखाच्या खालच्या अर्ध्या भागात आतून अर्धा मिलिमीटर खोल खाच कोरून तार तिच्यात बसवावी आणि दर काही सेंटीमीटरवर इपॉक्सीच्या थेंबाने धरावी. गरम गोंदाची बंदूक पातळ प्लास्टिकला वाकवू शकते, ती टाळलेली बरी. धडात तारेला थोडी ढील ठेवावी. दिव्यांची टोके आणि उघडे सांधे एकमेकांना लागणार नाहीत असे वार्निशने किंवा वीज अडवणाऱ्या कॅप्टॉन टेपने झाकावेत. अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी उजेड छान अडवते, पण तीतून वीज वाहते हे विसरू नये.

यानंतर दोन्ही भाग कागदी चिकटपट्टीने तात्पुरते जोडून, खोलीत अंधार करून सगळे दिवे लावावेत आणि मॉडेल हातात फिरवून पाहावे. सांध्यातून, चाकांच्या खोबणीतून, पंखाच्या मुळाशी जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे पेन्सिलने खूण करून आतून पुन्हा काळा हात द्यावा. दिवे रात्रभर चालू ठेवावेत. कच्चा सोल्डर असेल तर तो आताच दगा देऊ द्यावा. सकाळी चारही दिवे पेटलेले असतील, तारांना हलकेच ओढूनही लुकलुकत नसतील, तरच धड चिकटवावे.

पंखाच्या टोकावरची काच बनवण्यासाठी टोकाला लहान खाच घेऊन एलईडी बसवावा, त्यावर अतिनील किरणांनी कडक होणारे पारदर्शक रेझिन थेंबाथेंबाने चढवावे आणि कडक झाल्यावर पंखाच्या आकाराबरोबर कानशीने उतरवून १०००, २००० आणि ४००० क्रमांकाने चमकवावे. पांढऱ्या दिव्यावर लाल पारदर्शक रंग देण्यापेक्षा लाल एलईडीच घ्यावा. रंग स्वच्छ येतो.

रंगकाम

बंद झालेल्या मॉडेलच्या खिडक्या, काचा आणि दिवे आता मास्किंग टेपने किंवा मास्किंग द्रवाने झाका आणि मग राखाडी प्रायमरचा पातळ हात द्या. प्रायमरचे एक काम रंग धरून ठेवण्याचे, तर दुसरे चुगली करण्याचे: उघड्या प्लास्टिकवर न दिसणारा ओरखडा किंवा खड्डा एकसारख्या राखाडीवर लगेच उठून दिसतो. जे दिसेल ते याच टप्प्यावर भरावे, घासावे आणि तेवढ्याच जागी पुन्हा प्रायमर द्यावा.

एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनासाठी, रंग दुधाइतका पातळ असावा. तामियाच्या अ‍ॅक्रिलिकसाठी रंग आणि थिनर सारख्या प्रमाणात घेऊन सुरुवात करता येते, ०.३ मिलिमीटरच्या नॉझलला १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. रंग खरखरीत बसत असेल तर तो वाटेतच वाळतो आहे, म्हणून अंतर कमी करावे किंवा थिनर वाढवावे. ओघळ येत असेल तर हात थांबतो आहे किंवा रंग फार पातळ आहे. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही चांगले. ब्रशने रंगवतानाही हेच, फक्त अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवू नये, तो थर उचलला जातो. लॅकर फवारताना हवा खेळती हवी आणि सेंद्रिय वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क हवा.

फिका रंग आधी, गडद नंतर. दोन रंगांची सीमा आखताना टेपची कड नखाने दाबून तिच्यावर आधी खालच्याच रंगाचा धूसर हात द्यावा; कडेखाली जे शिरायचे ते त्याच रंगाचे शिरते आणि नवा रंग स्वच्छ रेघेत थांबतो. टेप स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढत काढावा.

चिन्हे आणि जुनेपणा

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चिन्ह, मॅट रंगावर लावले तर त्याखाली हवा अडकून चंदेरी झाक दिसते. म्हणून आधी चकचकीत वार्निश द्यावे, कोमट पाण्यात भिजवलेले डिकल कागदावरून सरकवत जागेवर आणावे आणि मऊ करणारे द्रव वरून लावावे. डिकल सुरकुततो तेव्हा घाबरून हात लावू नये. वाळताना तो आपोआप ताणला जाऊन पत्र्याच्या रेघांत बसतो. या रेघांत गडद तपकिरी किंवा राखाडी इनॅमल पातळ करून ब्रशच्या टोकाने सोडावे आणि अर्ध्या तासाने, हवा ज्या दिशेने वाहील त्या दिशेने पुसावे. शुद्ध काळा वापरू नये, तो रेखाटनासारखा दिसतो. शेवटचे मॅट वार्निश खिडक्यांवरची झाकणे काढण्यापूर्वीच द्यावे, नाहीतर काचा धुरकट होतात आणि आतला दिवा व्यर्थ जातो.

बाहेरचा प्रकाश

आतले दिवे उठून दिसायचे तर बाहेरचा उजेड आवरता हवा. कपाटात मॉडेलच्या वर, एका बाजूला, एकच मुख्य दिवा असावा. दोन्हीकडून सारखा प्रकाश पडला तर सावल्या पुसल्या जातात आणि कष्टाने केलेले रेघांचे काम सपाट दिसते. रंग खरे दिसण्यासाठी ९० पेक्षा जास्त रंगसूचकांकाचा (सीआरआय) एलईडी घ्यावा. थेट ऊन टाळावे, त्याने रंग फिके पडतात.

छायाचित्र घेताना कॅमेऱ्याची उंची मॉडेलच्या प्रमाणातल्या माणसाच्या डोळ्याइतकी ठेवावी, म्हणजे १:७२ मध्ये जमिनीपासून साधारण २३ मिलिमीटर. छिद्र एफ ११ ते एफ १६, कॅमेरा तिपाईवर, आणि बाहेरचा दिवा इतका मंद करत न्यावा की पंखाचा रंगही वाचता येईल आणि टोकावरचा लाल ठिपका पांढरा न होता लालच उमटेल. मॉडेल बरेच दिवस लावायचे नसेल तर बैठकीतल्या बॅटऱ्या काढून ठेवाव्यात. त्या पाझरल्या तर संपर्कपट्ट्या आणि रोधकांची टोके गंजून जातात.